वारंवार पडणारा खटका : कारणशोधाचा एक पाठ

घरातील वीज एकाएकी जाते. शेजारच्या घरी दिवे चालू असतात, आणि आपल्या मुख्य बोर्डावरील एक खटका मात्र खाली पडलेला दिसतो. घरातील कोणीतरी स्टुलावर चढून तो वर करतो, दिवे लागतात आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. दुसऱ्या दिवशी तोच खटका पुन्हा पडतो. असे आठवडाभर चालले म्हणजे दोष खटक्याच्या माथी मारला जातो. "हा बिघडला आहे, याहून मोठा बसवा," असा सल्ला कोणीतरी देतो, आणि पुष्कळदा तो अमलातही येतो. खेड्यापाड्यांतील घरांत, आणि कित्येक शाळांतही, हा प्रकार शिक्षकांच्या नित्य पाहण्यातील आहे.

विज्ञानाच्या पाठास याहून सोयीचा विषय क्वचितच मिळेल. प्रश्न मुलाच्या घरचा आहे, पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर आहे, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत गुणांत मोजावी लागत नाही. खटका पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. तो कोणत्या वेळी पडला, किती वेळाने पडला आणि त्या दिवशी हवा कशी होती, एवढे नीट पाहिले तर हातात हत्यार न घेताही अर्धे कारण कळते. मोठा खटका बसविणे म्हणजे हा साक्षीदारच गप्प करणे होय.

प्रथम खटक्याची रचना समजून घेणे अवश्य आहे. पूर्वी घरोघर चिनी मातीचे फ्यूज असत. त्यांतील वितळतार प्रवाह वाढला की वितळे व परिपथ तुटे. आजही जुन्या घरांत ते आढळतात. वितळतारेची जागा घेणारा आपोआप पडणारा छोटा खटका जर्मनीतील मॅनहाइम येथे ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात तयार झाला व १९२४ साली त्याचे एकस्व घेण्यात आले. यालाच आज सर्वजण एमसीबी म्हणतात. त्याच्या पोटात दोन पहारेकरी बसविलेले असतात. एक द्विधातू पट्टीचा. प्रवाह थोडा अधिक झाला की ही पट्टी हळूहळू तापते, वाकते, आणि पुरेशी वाकल्यावर खटका पाडते. दुसरा पहारेकरी तारेच्या वेटोळ्याचा. प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढला तर वेटोळ्यातील चुंबकत्व लोखंडी दांडीस ओढते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच परिपथ तुटतो. पहिला पहारेकरी सावकाश विचार करणारा आहे, दुसरा मुळीच वाट न पाहणारा.

या दोहोंतील वेळेचा फरक हीच कारणशोधाची पहिली किल्ली. ती आकड्यांत पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. खटक्यावर 'बी' किंवा 'सी' असे अक्षर व त्यापुढे अँपिअरचा आकडा छापलेला असतो. १६ अँपिअरचा खटका घेतल्यास, प्रमाणित नियमानुसार सुमारे १८ अँपिअर प्रवाह त्याने तासभर न पडता सोसला पाहिजे, आणि सुमारे २३ अँपिअर झाल्यास तासाच्या आत पडलेच पाहिजे. सुमारे ४१ अँपिअरला तो एका मिनिटाच्या आत पडतो. त्याहून पुढे 'बी' जातीचा खटका ४८ ते ८० अँपिअरच्या दरम्यान, व 'सी' जातीचा ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान, तत्क्षणी पडतो. १८ आणि २३ यांच्या मधला प्रदेश अनिश्चित आहे. त्या प्रदेशात खटका कधी पडेल, कधी पडणार नाही. आणि "आमचा खटका लहरी आहे" अशी जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ बहुधा येथेच सापडते.

एका घराची सकाळ उदाहरणादाखल घ्यावी. न्हाणीघरात पाणी तापविण्याचा १५०० वॉटचा रॉड चालू आहे, स्वयंपाकघरात २००० वॉटची इंडक्शन शेगडी, आणि माजघरात १००० वॉटची इस्त्री. तिन्ही एकाच १६ अँपिअरच्या खटक्यावर आहेत. एकूण ४५०० वॉट; त्यास २३० व्होल्टने भागले की सुमारे १९.६ अँपिअर येतात. हा आकडा त्या अनिश्चित प्रदेशातला आहे. आता चटणीसाठी ७५० वॉटचा मिक्सर लावला की बेरीज ५२५० वॉट, म्हणजे २२.८ अँपिअर होते. मिक्सर लावताच खटका पडला असे घरच्यांना दिसते आणि मिक्सर बदनाम होतो. वास्तविक पट्टी अर्ध्या तासापासून तापत होती. मिक्सरने केवळ शेवटचा धक्का दिला. येथे बिघाड कोणत्याच उपकरणात नाही. रॉड बंद करून मग इस्त्री करावी, किंवा जाड तारेची स्वतंत्र ओळ वायरमनकडून ओढून घ्यावी, एवढाच उपाय. ही बेरीज पाचवीतील मुलासही करता येते, आणि भागाकार सहावीतील मुलास.

अतिभाराची काही रूपे मात्र बेरजेत सापडत नाहीत. ग्रामीण भागात सायंकाळी विजेचा दाब पुष्कळदा उतरतो. २३० व्होल्टच्या ठिकाणी १७० व्होल्ट येऊ लागले म्हणजे पाणी तापविण्याचा रॉड कमी प्रवाह घेतो. साडेसहा अँपिअरच्या जागी पाचाहूनही कमी. म्हणून कमी दाबाने खटका पडणार नाही असे वाटते. पण मोटारीचे वर्तन उलट असते. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे १७० व्होल्टवर तो जवळजवळ निम्मा राहतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा विहिरीवरची मोटार फिरूच शकत नाही. ती जागच्या जागी गुरगुरत राहते आणि चालू होतानाचा, नेहमीच्या पाचसहा पट प्रवाह सतत घेत राहते. काही सेकंदांत खटका पडतो. दुपारी निर्वेध चालणारी मोटार संध्याकाळीच खटका पाडत असेल, तर मोटारीआधी दाबाकडे पाहावे. दाब नेहमीच कमी राहत असल्यास १९१२ या क्रमांकावर वीज कंपनीकडे तक्रार नोंदविता येते.

हवेचा व जागेचाही परिणाम आहे. खटक्यातील पट्टी ३० अंश सेल्सियस तापमान गृहीत धरून जुळविलेली असते. अकोला किंवा चंद्रपूरकडील मे महिन्यात, पत्र्याच्या पेटीत, पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात बसविलेला खटका आधीच तापलेला असतो. तो नेमलेल्या आकड्याच्या आतच पडू लागतो. तसेच खटक्याच्या खालचा स्क्रू सैल राहिला तर त्या जोडाशी उष्णता निर्माण होते आणि ती पट्टीपर्यंत पोहोचते. भार थोडा असून खटका पडतो, आणि हात जवळ नेला तर ऊब जाणवते, क्वचित जळल्याचा वास येतो. हा वास ज्या घरी आला तेथे पुढचा शोध थांबवावा, मुख्य स्विच बंद करावा आणि वायरमनला बोलवावे. सैल जोडाने लागलेल्या आगीस खटका पुष्कळदा अडवू शकत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो.

वर करताच तत्क्षणी, 'टक्' आवाजासह पडणारा खटका मात्र निराळी गोष्ट सांगतो. तेथे दुसरा पहारेकरी जागा झालेला असतो, अर्थात् फेज व न्यूट्रल कोठेतरी एकमेकांस थेट भिडले आहेत. यालाच लघुपरिपथन किंवा बोलीत 'शॉर्ट' म्हणतात. उंदरांनी कुरतडलेली माळ्यावरील तार, दाराखाली चेपलेली वायर, इस्त्रीच्या बुडाशी वळून वळून तुटलेले वेष्टन, देवाची तसबीर टांगण्यासाठी नेमका नळीवर ठोकलेला खिळा, ही नित्याची कारणे. अशा वेळी खटका पुनःपुन्हा वर करून पाहणे हा शोध नव्हे. एकदा, फार तर दोनदा करावा. प्रत्येक वेळी त्या जागी ठिणगी उडत असते. खटक्याची दांडी हाताने धरून ठेवली किंवा चिकटपट्टीने बांधली तरी आतील यंत्रणा आपले काम करतेच, ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. बांधणाऱ्यास तेवढे समाधान मिळते, दुसरे काही नाही.

शोधाची रीत अशी. खटका पडला की प्रथम तो कोणता पडला, किती वाजता, त्या वेळी काय काय चालू होते, पाऊस होता की नाही, हे कागदावर लिहावे. मग त्या खटक्यावरील सर्व उपकरणांच्या पिना सॉकेटमधून बाहेर काढाव्यात. केवळ बटण बंद करणे पुरत नाही, कारण बटण फक्त एकच तार तोडते. दुसरी तार उपकरणाशी जोडलेलीच राहते. त्यानंतर दोनचार मिनिटे थांबून, पट्टी निवू देऊन, खटका वर करावा. तो टिकला तर दोष बहुधा उपकरणांत किंवा त्यांच्या एकूण भारात आहे. टिकला नाही तर दोष भिंतीतील तारांत, होल्डरांत वा बोर्डांत आहे, आणि तेथून पुढचे काम परवानाधारक वायरमनचे. पहिल्या स्थितीत एकेक उपकरण लावून पाहावे. पण लावून लगेच निर्णय देऊ नये. पाणी तापविणाऱ्या वस्तूंतील दोष त्या तापल्यावरच प्रकट होतात. म्हणून प्रत्येकास दहापंधरा मिनिटे चालवून मग पुढच्याकडे जावे. या घाईपायी निर्दोष उपकरण दुरुस्तीस जाते आणि खरा अपराधी घरीच राहतो.

आतापर्यंत एकाच जातीच्या खटक्याचा विचार झाला. परंतु ज्या बोर्डावर त्याच्या शेजारी एक रुंद खटका असून त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' अशी खूण असलेले लहान बटण आहे, तेथे प्रश्न अधिक गंभीर होतो. तो आरसीसीबी होय. वायरमन मंडळी त्यास अजूनही ईएलसीबी म्हणतात. येथे त्यास गळतीचा खटका म्हणावे. प्रवाह किती आहे याच्याशी त्यास कर्तव्य नाही. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही, एवढेच तो मोजतो. घरासाठी बसवितात तो ३० मिलिअँपिअरचा असतो, आणि १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान तफावत दिसली की पडतो.

एमसीबी असला म्हणजे विजेचा धक्का बसत नाही, हा समज फार पसरलेला आहे व तो घातक आहे. ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा आहे. १६ अँपिअरच्या खटक्यास मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही. गळतीचा खटका पडेल, तो सेकंदाच्या एका लहानशा अंशात. म्हणून "ईएलसीबी सारखा पडतो, तो काढून तारा थेट जोडून द्या" हा जो उपाय गावोगाव केला जातो, त्याचा अर्थ शिक्षकाने पालकांना समजावून सांगितला पाहिजे. पुढील उदाहरण वर्गात सांगण्याच्या सोयीसाठी रचले आहे. त्यातील प्रत्येक पायरी विजेच्या नियमांस धरून आहे.

एका शेतकरी कुटुंबाच्या घरी चार ओळी होत्या : माजघराचे दिवे व पंखे, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि गोठा. सर्वांवर मिळून एक गळतीचा खटका होता. आषाढ लागला आणि तो सकाळी पडू लागला. न्हाणीघरातील रॉड लावला की पडे. रॉड काढला की राही. घरच्यांनी रॉड बदलला. नवा रॉड लावला तरी खटका पडलाच. मग इस्त्रीवर संशय आला, कारण ती लावल्यावरही एकदोनदा पडला होता. इस्त्री शेजारच्या घरी नेऊन पाहिली, तेथे ती उत्तम चालली. वायरमनने दिव्यांच्या व गोठ्याच्या ओळींचे एमसीबी खाली केले, तरी रॉड लावताच गळतीचा खटका पडला. तेव्हा दोष न्हाणीघराच्या तारेतच, असे ठरू लागले.

त्या घरची मुलगी आठवीत होती आणि शाळेत सांगितल्याप्रमाणे नोंद ठेवीत होती. तिच्या वहीत पावसाचा एक रकाना होता. चार दिवस उघडीप असताना रॉड रोज लागला होता व खटका एकदाही पडला नव्हता. रात्री पाऊस झाला की सकाळी तो पडे. न्हाणीघर तर बारा महिने ओलेच असते. पावसाने त्याच्यात काय बदल होणार? "काका, पावसात भिजते ती तार गोठ्याकडचीच," तिने वायरमनला सांगितले.

"पण बाळ, गोठ्याचा खटका तर मी पाडलेला आहे," तो म्हणाला. मग स्वतःच थांबला. पाडलेला खटका एकाच तारेचा, फेजचा होता. गोठ्याची न्यूट्रल तार बोर्डातील न्यूट्रलच्या पट्टीस जोडलेलीच होती.

त्याने मुख्य स्विच बंद केला, न्यूट्रलच्या पट्टीवरून गोठ्याची तार सोडविली आणि मेगर लावून ती तार व जमीन यांमधील रोध मोजला. सुस्थितीतील तारेत हा रोध किमान १० लाख ओहम असावयास हवा. येथे मेगरचा काटा शून्याशीच राहिला. गोठ्यात जाऊन पाहता, लोखंडी खांबावरून तारा आत नेल्या होत्या तेथे खांबाच्या काठाने न्यूट्रलचे वेष्टन झिजून तांबे खांबास टेकलेले आढळले.

आता सर्व गोष्टी जुळल्या. खेड्यातील लांब ओळीवर भार पडला की न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत काही व्होल्ट दाब निर्माण होतो. रॉडसारखा मोठा भार लागला की तो वाढतो, आणि परत जाणाऱ्या प्रवाहाचा थोडा भाग गोठ्याच्या खांबातून जमिनीत जाऊ लागतो. जमीन कोरडी असता खांबाचा रोध मोठा, म्हणून गळती थोडी. पाऊस झाला की रोध उतरून शंभर ओहमच्या आसपास येतो, आणि दाब तीन व्होल्ट असला तरी ३० मिलिअँपिअर गळू लागतात. रॉड निर्दोष होता, इस्त्री निर्दोष होती. ती केवळ मोठ्या भाराची निमित्ते होती.

यात एक शेवटची बेरीज राहते, आणि वर्गात ती अवश्य करून घ्यावी. न्यूट्रलच्या शेजारीच, त्याच खांबाच्या त्याच काठावर, फेजची तार होती. आणखी काही महिन्यांत तिचेही वेष्टन झिजले असते. मग २३० व्होल्ट थेट खांबावर आले असते. खांबाचा रोध १०० ओहम, म्हणून जमिनीत जाणारा प्रवाह २.३ अँपिअर. गोठ्याच्या एमसीबीला हा प्रवाह म्हणजे एखाद्या लहान उपकरणाएवढा; तो जन्मात पडला नसता. त्या खांबाला गाय बांधलेली असे, आणि धार काढावयास तीच मुलगी अनवाणी जात असे. गळतीचा खटका "त्रास देतो" म्हणून काढला असता, तर या सर्वांच्या आणि विजेच्या मध्ये काहीच उरले नसते.

या जातीच्या दोषांत आणखी दोन प्रकार शिक्षकांच्या पाहण्यात येण्याजोगे आहेत. घरात इन्व्हर्टर नव्याने बसविला आणि त्या दिवसापासून गळतीचा खटका पडू लागला, तर बहुधा इन्व्हर्टरवरील दिव्यांची न्यूट्रल चुकीच्या पट्टीस जोडली गेली आहे; प्रवाह एका वाटेने जातो व दुसऱ्या वाटेने परत येतो, आणि खटक्यास ती गळतीच भासते. यात वस्तू एकही खराब नसते, जोडणी तेवढी बदलावी लागते. दुसरा प्रकार शाळेतील संगणक-कक्षाचा. प्रत्येक संगणकाच्या वीजपेटीतून, ती सुस्थितीत असतानाही, एक मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह आर्थिंगच्या तारेत जात असतो. वीस यंत्रे एकाच गळतीच्या खटक्याखाली लावली तर ही किरकोळ गळती मिळून १५ मिलिअँपिअरच्या वर जाते, आणि सर्व यंत्रे एकदम सुरू होताच खटका पडू शकतो. उपाय यंत्रे दोनतीन ओळींत वाटून प्रत्येक ओळीस स्वतंत्र गळतीचा खटका देणे हा आहे. आर्थिंगची तार तोडणे हा नव्हे. तोही प्रकार आढळतो, म्हणून लिहावे लागते.

खटका स्वतःच जुना होऊन नाहक पडतो, असेही क्वचित् घडते. पण हे निदान सर्वांत शेवटी करावे. सर्व पिना काढलेल्या, बाहेर जाणारी तार वायरमनने सोडविलेली, आणि तरीही खटका पडतो असे दिसले, तरच त्यास दोष द्यावा. आणि बदलताना तितक्याच अँपिअरचा घ्यावा. एक चौरस मिलिमीटर काटछेदाची तांब्याची तार बंद नळीतून साधारण दहाबारा अँपिअर निर्धोकपणे वाहून नेते. तिच्यावर ३२ अँपिअरचा खटका बसविला तर खटका स्वस्थ राहील आणि भिंतीतील तार तापेल. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये वितळतारेऐवजी वायरचे चारसहा पदर पिळून घालणे हाही त्यातलाच प्रकार.

वर्गातील पाठ

शिक्षकाने बोर्डाचे झाकण उघडून दाखविण्याचा मोह पूर्ण टाळावा, आणि मुलांनाही घरी तसे न करण्याची सक्त सूचना द्यावी. मुलांचे काम पाहण्याचे, लिहिण्याचे व विचार करण्याचे. पिन काढण्याचे कामही कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, घरातील मोठ्या माणसाने करावे. खटका पाडून दाखवावयाचा असल्यास टॉर्चचे तीन मोठे सेल, टॉर्चचा दिवा, दोन तारा आणि स्वयंपाकघरातील अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाची पट्टी एवढे साहित्य पुरते. पट्टी मध्यभागी कातरून दोऱ्याएवढी अरुंद करावी व परिपथात फरशीच्या तुकड्यावर ठेवावी. दिवा लागेल, पट्टी तशीच राहील. नंतर दिव्याची दोन टोके तारेने क्षणभर जोडावीत. पट्टी अरुंद जागी वितळून तुटेल. प्रयोग आधी एकदा एकट्याने करून पाहावा, कारण पट्टी रुंद राहिली तर ती तुटत नाही, सेल व तारा मात्र तापू लागतात. ते घडल्यास लगेच तार सोडवावी आणि मोठ्या खटक्याचा दोष मुलांना तेथेच दाखवावा. घरच्या विजेवर, किंवा गाडीच्या व इन्व्हर्टरच्या बॅटरीवर, हा प्रयोग कदापि करू नये.

शोधाची रीत शिकविण्यास साहित्यही लागत नाही. फळ्यावर एक ते सोळा आकडे लिहावेत. शिक्षकाने एक मनात धरावा. मुलांनी 'हो' किंवा 'नाही' अशी उत्तरे येतील असे प्रश्न विचारून तो ओळखावा. एकेक आकडा विचारणारा गट पंधरा प्रश्नांपर्यंत जाईल. 'आठाहून मोठा आहे काय?' असे विचारणारा गट चार प्रश्नांत पोहोचेल. वायरमन सोळा बोर्डांपैकी दोषी बोर्ड शोधताना तार मधोमध सोडवितो, ती याचसाठी.

त्यानंतर आठवडाभर प्रत्येक मुलाने घरच्या खटक्यांची नोंद ठेवावी : तारीख, वेळ, कोणता खटका, काय चालू होते, पाऊस. ज्यांच्या घरी गळतीचा खटका आहे त्यांनी घरातील मोठ्या माणसांकडून 'टी'चे बटण महिन्यातून एकदा दाबून घ्यावे. दाबूनही खटका पडला नाही, तर तो असून नसल्यासारखा आहे आणि बदलणे भाग आहे. ज्यांच्या घरी तो नाहीच, त्यांची संख्या शिक्षकाने फळ्यावर लिहावी व पालकसभेत सांगावी.

सरावासाठी तीन प्रश्न देता येतील. शाळेच्या १६ अँपिअरच्या ओळीवर २००० वॉटची शेगडी व १५०० वॉटचा रॉड एकाच वेळी चालले तर एमसीबी पडेल काय? विहिरीवरची मोटार रात्री नऊला खटका पाडते व पहाटे पाचला बिनतक्रार चालते. प्रथम काय मोजावे? आणि तिसरा : धुण्याच्या यंत्राचे बटण बंद आहे, तरी यंत्राची पिन सॉकेटमध्ये असेपर्यंत गळतीचा खटका राहत नाही, हे कसे शक्य आहे? पहिल्याचे उत्तर भागाकाराने येते, १५.२ अँपिअर, म्हणून पडू नये. पडलाच तर सैल स्क्रू व उन्हातील पेटी यांकडे पाहावे. दुसऱ्याचे उत्तर विजेचा दाब. तिसऱ्यास पुष्कळ मुले 'अशक्य' असे लिहितील. त्यांना गोठ्याच्या न्यूट्रलची आठवण द्यावी, आणि बटण किती तारा तोडते हे पुन्हा विचारावे.